आनि येक हाय

चौदा मिनिटांची फित आहे. करवीर तालुक्यातल्या एका घरात, सोप्यात बसून नातवानं मोबाइलवर घेतलेली. आजी भिंतीला टेकून खाली बसल्या आहेत. मागं दार सताड उघडं, त्यातून अकराचं ऊन आत येतंय आणि त्या उजेडापुढं आजींचा चेहरा काळपट पडलाय. वर पंखा घरघरतोय. आजी माहेरच्या विहिरीचं सांगतात, मोटेचं सांगतात, धाकट्या भावाला काखेत घेऊन भाकरी शेतावर नेल्याचं सांगतात. नऊ मिनिटं बारा सेकंद होतात आणि त्या थांबतात. अंगठा पदराच्या काठावरून फिरत राहतो. मग म्हणतात, "आनि येक हाय..." आणि श्वास घेतात. चार सेकंद काहीच नाही. मोबाइलमागून आवाज येतो, "बरं आज्जी, आता लग्नाचं सांग की." आजी हसतात, पदर सारखा करतात आणि लग्नाचं सांगायला लागतात. वरातीची बैलगाडी ओढ्यात रुतली होती ती गोष्ट. घरातल्या सगळ्यांनी ती शंभरदा ऐकलेली.

आजी आता नाहीत. फित आहे.

पंखा, ऊन, काळवंडलेला चेहरा, या सगळ्याचं वाईट वाटतं, पण ते तंत्राचं आहे, शिकता येतं. डाचतात ते चार सेकंद. नातू वाईट नाही, उलट गुणी पोरगा आहे. आजीला समोर बसवून रेकॉर्ड करावं हे त्या घरात त्या एकट्यालाच सुचलं. त्याला फक्त शांततेची भीती वाटली. आपल्या सगळ्यांनाच वाटते. समोरचं माणूस गप्प झालं की आपल्याला वाटतं गोष्ट संपली, त्याला अवघडल्यासारखं होत असेल, काहीतरी विचारून मोकळं करावं. खरं तर म्हातारं माणूस थांबतं तेव्हा बहुतेक वेळा आत काहीतरी शोधत असतं. पाठ झालेली गोष्ट सरसर येते, तिला थांबावं लागत नाही. कधीच न सांगितलेली गोष्ट मात्र शब्द जुळवत येते. म्हणून मुलाखत घेणाऱ्यानं पहिली सवय लावून घ्यायची ती ही: उत्तर संपलं असं वाटलं की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर ठेवायची, मान हलवायची, तोंड उघडायचं नाही. "हं, हं" सुद्धा नको, कारण ते "हं" त्याच माइकमध्ये जातं आणि पुढं वाक्यावाक्यावर खडा लागल्यासारखं लागतं. दहा आकडे फार लांब वाटतात. सातव्या-आठव्याला समोरून "आनि..." येतं.

कॅमेऱ्याचं वेड कोल्हापूरला नवं नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. मूकपटांच्या काळातले चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटर, त्यांनी देशी कॅमेरा तयार केला तो याच पेठांमध्ये. पुढं १९२९ साली 'प्रभात' फिल्म कंपनी इथंच सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. त्या काळातले मूकपट आज बघायला मागितले तर हाताला फारसं काही लागत नाही. काही फिती जळाल्या, काही विरल्या, काहींचं काय झालं ते सांगणारंही कुणी उरलं नाही. गांधीजींच्या खुनानंतरच्या, १९४८ च्या जाळपोळीत इथला जयप्रभा स्टुडिओही सुटला नाही. कॅमेरा बनवणाऱ्या गावाला फित टिकवणं जमलं नाही, हे त्या चौकातून जाताना दर वेळी मनात येतं. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि तरी घराघरांत तेच चाललंय. फिती घेतल्या जातात आणि हरवतात. जळून नाही, नाव नसल्यामुळं हरवतात.

पण आधी फित नीट व्हायला हवी, आणि नीट म्हणजे आधी ऐकू येणारी. चेहरा अंधारा असला तरी माणूस सहन करतो. आवाज कळला नाही तर दोन मिनिटांत फित बंद करतो आणि पुन्हा लावत नाही. मोबाइलचा माइक सहा फुटांवर असला की त्याला आजींच्या तोंडापेक्षा खोली जास्त ऐकू येते. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, मग मोबाइल आपल्या मनानं आवाज वर ओढतो आणि आजींच्या शब्दांबरोबर पंखाही वर येतो. म्हणून कॉलरला लावायचा छोटा माइक घ्यावा. वायरचा साधा माइक काही शे रुपयांत मिळतो आणि तेवढा पुरतो. घेताना त्याची पिन बघावी. मोबाइलसाठीच्या पिनेवर तीन रेघा असतात, कॅमेऱ्यासाठीच्या पिनेवर दोन. चुकीची पिन खोचली तर मोबाइल तक्रार करत नाही, गुपचूप स्वतःचाच माइक वापरत राहतो आणि हे घरी गेल्यावर कळतं. ज्या मोबाइलला गोल भोकच नाही त्याला जोडणी लागते, आणि स्वस्तातल्या काही जोडण्या फक्त ऐकायच्या कामाच्या असतात, माइकचा आवाज त्या आत घेतच नाहीत. यावर एकच खात्रीचा उपाय आहे. रेकॉर्डिंग सुरू करून माइकच्या जाळीवर नखानं हळूच खरवडायचं, मग मोबाइलच्या अंगावर खरवडायचं, आणि इअरफोन लावून ऐकायचं. कुठलं खरवडणं मोठं आलं त्यावरून कोण ऐकतंय ते कळतं.

माइक हनुवटीच्या खाली एक वीत. शर्टाला बटणपट्टीवर सोपं जातं. नऊवारीवाल्या आजींच्या बाबतीत पदर सारखा सरकतो, डोक्यावर घेतला जातो, कमरेला खोचला जातो, आणि प्रत्येक वेळी माइकवर वादळ आल्यासारखा आवाज होतो. माइक खांद्याजवळ, जिथं पदर सेफ्टी पिनेनं ब्लाउजला पक्का केलेला असतो तिथं लावावा, आणि माइकखाली वायरचा छोटा वेढा करून दवाखान्यातल्या चिकटपट्टीनं चिकटवावा. मग वायर ओढली गेली तरी धक्का वेढ्यातच जिरतो. बोरमाळ, मंगळसूत्र माइकला लागत असेल तर माइक बाजूला घ्यायचा. दागिना काढायला सांगायचं नाही. बांगड्या काढायला तर अजिबातच नाही. बांगड्यांची किणकिण आली तर येऊ द्यावी. तीस वर्षांनी ती फित ऐकणाऱ्याला आजी बोलताना हात कशा हलवायच्या ते त्या किणकिणीतूनच कळणार आहे.

घरात आवाज कुठून कुठून येतो ते कळायचं तर खोलीत डोळे मिटून एक मिनिट बसावं. फ्रिज घुं करतो. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं, ते उचलून आतल्या खोलीत ठेवावं. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवावी, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते आणि त्या घरचं दूध नासत नाही. स्वयंपाकघरात सांगून ठेवावं की अकरापर्यंत मिक्सर नको, कुकर नको. पंखा बंदच करावा लागतो, म्हणून एप्रिल-मे टाळावा, किंवा सकाळी लवकर बसावं. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यावरच्या घरांत एक वेगळंच संकट असतं. उसाच्या ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावलेली असतात आणि ती भिंतीतून आरपार येतात. अशा घरी मागची खोली गाठावी. आणि खोली निवडायची तर जुनी. कौलारू घराच्या मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, कोपऱ्यात पोत्यांची थप्पी, असल्या ठिकाणी आवाज मऊ, जवळचा येतो. नवीन स्लॅबच्या घरात, टाइल्सच्या हॉलमध्ये, तोच आवाज हौदात बोलल्यासारखा घुमतो. तिथं कॅमेऱ्याच्या मागं दोन वाकळा दोरीवर टाकाव्यात, एक खाली अंथरावी. फरक लगेच कळतो. उठायच्या आधी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करून घ्यावी. पुढं कुठं खोकला, कुठं फोनचा आवाज काढावा लागला तर त्या जागी ठिगळ लावायला ही मोकळी खोली उपयोगी पडते.

उजेडाचं कमी बोलून भागतं. दार किंवा खिडकी माणसाच्या मागं नको, बाजूला हवी, तीन-चार फुटांवर. चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरीकडं सुरकुत्या दिसतात, एवढं पुष्कळ झालं. पांढरा फेटा किंवा धोतर असेल तर मोबाइल त्या पांढऱ्याला बघून चेहरा अंधारतो, म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून धरून प्रकाश तिथंच पक्का करावा. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवलं की ते थांबतात. मोबाइल आडवा, आणि त्याची उंची आजींच्या डोळ्यांएवढी. त्या खाली बसल्या असतील तर मोबाइल पाटावर, डब्यावर, खालीच. वरून घेतलेल्या चित्रात म्हातारं माणूस केविलवाणं दिसतं. आपणही खालीच बसायचं, मोबाइलला कान लावून बसल्यासारखं, म्हणजे आजी आपल्याकडं बघून बोलतात आणि फित बघणाऱ्याला वाटतं त्या आपल्याशीच बोलताहेत.

मोबाइल विमानाच्या मोडवर टाकायला विसरू नये. मधेच फोन आला की काही मोबाइलवर रेकॉर्डिंग तिथंच थांबतं, आणि बोलणारा बोलत राहतो. जागेचा हिशेब आधी करावा. १०८०पी, सेकंदाला ३० चित्रं, जुन्या पद्धतीच्या (एच.२६४) साठवणीत तासाला साधारण ८ जीबी जातात, ४के घेतलं तर २० जीबीच्या आसपास. नव्या पद्धतीत (एच.२६५) हे निम्म्यावर येतं. बसून बोलणाऱ्या माणसासाठी १०८०पी पुरेसं आहे. एकसलग दीड तास मात्र घेऊ नये. बॅटरी मधेच संपली तर फाइल शेवटी जशी बंद व्हायला हवी तशी होत नाही आणि कित्येकदा ती उघडतच नाही, दीड तास गेला. वीस-पंचवीस मिनिटांनी, चहा आला की, पाणी मागितलं की, थांबवून पुन्हा सुरू करावं. गेली तर वीस मिनिटं जातील. शक्य असेल तर दुसरा मोबाइल नुसता आवाज घेत जवळ ठेवावा आणि सुरुवातीला दोन्हींसमोर एक टाळी वाजवावी, पुढं जुळवताना त्या टाळीवर टाळी ठेवता येते.

हे सगळं झाल्यावर माणूस.

वेळ म्हाताऱ्या माणसाच्या दिवसातून घ्यायची, आपल्या सुट्टीतून नाही. अंघोळ, देवपूजा, चहा, गोळ्या झाल्या की साडेनऊ ते अकरा ही चांगली वेळ. जेवणानंतर डोळे जड होतात. संध्याकाळी धार काढायची, दूध डेअरीला घालायचं, त्या वेळी ज्या घरी म्हशी आहेत तिथं कुणाचंच चित्त बोलण्यात नसतं, आजोबांचंही नाही, जरी आता त्यांना गोठ्यात कुणी जाऊ देत नसलं तरी. साखर असेल तर खाण्याची वेळ चुकवू नये. पाऊण तास झाला की थांबावं, मग ते कितीही रंगात आलेले असोत. कमी ऐकू येत असेल तर चांगल्या कानाच्या बाजूला बसावं आणि मोठ्यानं नाही, सावकाश बोलावं. आणि एकेकट्यानं बसवावं. जोडीनं बसवलं की आजोबा म्हणतात, "साठ साली," आणि आतून आवाज येतो, "साठ नव्हं, बासष्ट. थोरलीच्या येळंला." वाद गोड असतो, पण त्यात आजोबांची गोष्ट अर्धी राहते आणि आजींची सुरूच होत नाही. दोघांची वेगवेगळी घ्यावी आणि दोन्ही साल तसेच ठेवावेत.

साल विचारूच नये असं माझं मत आहे. "तुमचा जन्म कधीचा" असं विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखं ताठ होतं. या मुलखात वेळ सालानं मोजलेली नसते. कोयनेच्या भूकंपाच्या आधी का नंतर, हे पटकन सांगतात, आणि तो ११ डिसेंबर १९६७ चा पहाटेचा, हे आपल्याला माहीत आहे. दुष्काळात म्हटलं की १९७२. संस्थान होतं तवा म्हटलं की १ मार्च १९४९ च्या अलीकडं. शाहू मिलच्या भोंग्यावर कोण कामाला जायचं, गांधीजींच्या खुनानंतर गावात काय पेटलं, पंचगंगेचं पाणी पहिल्यांदा उंबऱ्याला कधी लागलं. अशा खुंट्या हाताशी ठेवल्या की गोष्ट त्यांना अडकत जाते आणि साल आपलं आपण काढता येतं. आणि सुरुवात घरापासून करावी. "माहेरच्या घरात दारातनं आत आलं की पहिलं काय दिसायचं?" एवढा एक प्रश्न. मग माणूस डोळ्यांनी त्या घरात शिरतं. उतरंड कुठं, जातं कुठं, चूल कुठल्या तोंडाची, बाळंतिणीची खोली कुठली, रात्री दिवा कुठं असायचा. घर फिरून होईपर्यंत तासाभराचं बोलणं होतं आणि त्यात आपण न विचारलेली माणसं येऊन जातात. पन्नास प्रश्नांची यादी घेऊन बसलेला माणूस हे गमावतो, कारण त्याचं लक्ष पुढच्या प्रश्नावर असतं. त्या नातवाच्या हातातही कागद होता. फितीत त्याची फडफड ऐकू येते.

वस्तू हातात द्यावी. पत्र्याची ट्रंक, जुनं रेशनकार्ड, घंगाळ, तालमीतली आजोबांची गदा, लग्नातला पिवळा पडलेला फोटो. वस्तू हातात आली की हात बोलायला लागतात आणि कॅमेऱ्याचा विसर पडतो. बोलणं झाल्यावर त्या वस्तूचं, त्या हातांचं, दारावरच्या पट्टीचं, तुळशीचं जवळून दहा-दहा सेकंद स्थिर चित्र घ्यावं, मोबाइल न हलवता.

परवानगीचं राहायला नको. सुरुवातीला तारीख, गाव, समोर कोण, विचारणारा कोण, हे मोठ्यानं फितीतच बोलावं आणि विचारावं की हे कुणी बघितलेलं चालेल. शेवटी पुन्हा विचारावं, कारण काय बोलणार हे सुरुवातीला त्यांनाच माहीत नसतं. आपल्याकडं प्रत्येक घराच्या मागं एक बांध असतो आणि बांधावर भाऊबंदकी. आजोबांनी रंगात येऊन सांगितलेली वाटणीची गोष्ट त्याच संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर गेली आणि दोन घरांचं येणं-जाणं थांबलं, असं होऊ शकतं. तो भाग वेगळा काढावा, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा, आणि "आमच्या मागारी" म्हणाले असतील तर मागारीच उघडावा. शब्द दिला की पाळायचा. तेवढ्या एका शब्दावर माणूस मोकळं होतं.

भाषेचं एक सांगितलंच पाहिजे. कोल्हापूरची बाई "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो" म्हणते. पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलीय. मुलाखत कागदावर उतरवताना शिकलेली नात ते "आले", "जेवले" करते, आणि मोबाइलमधला आपोआप लिहिणारा प्रोग्राम तर "व्हय", "गेल्तो", "कराल्यात" असल्या शब्दांचं भलतंच काही करून टाकतो. दुरुस्त करू नये. जसं बोललं तसं लिहावं, अडलेल्या शब्दाचा अर्थ समासात द्यावा. आजी "मी त्या दिशी लई रडलो" म्हणाल्या असतील तर त्यांचं रडणं त्या "रडलो"त आहे. "रडले" ही दुसरीच कुणी बाई.

घरी आल्यावर झोपायच्या आधी अर्धा तास काढावा लागतो आणि बहुतेकांचं इथंच राहून जातं. दमलेलो असतो, फित मोबाइलमध्ये आहे ना, मग बघू. मोबाइलमध्ये ती आकड्यांच्या नावानं पडून राहते, सत्यनारायणाचे फोटो आणि शुभ सकाळच्या गुलाबांच्या मधे. दोन वर्षांनी मोबाइल भरतो आणि सगळ्यात जड फाइल कुठली ते बघून कुणीतरी तीच उडवतं. म्हणून त्याच रात्री संगणकावर उतरवायची आणि नाव द्यायचं. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग माणूस, मग गाव, मग तुकड्याचा क्रमांक: २०२४-११-१७_थोरलीआजी_चिखली_०१. वर्ष आधी असलं की फाइली आपोआप ओळीनं लागतात. फाइलीचं नाव प्रत्यक्षात रोमन अक्षरांत द्यावं, कारण जुन्या टीव्हीवर, दुसऱ्या कुणाच्या मशिनवर देवनागरी नावांचे चौकोन होतात. "आजी" एवढंच नाव कधीच देऊ नये. आज ती एकाची आजी आहे, चाळीस वर्षांनी फोल्डर उघडणाऱ्याला त्या घरात सहा आज्या सापडतील. मूळ फाइलीला कात्री लावायची नाही. कापाकापी, जोडाजोडी, वाढदिवसाची पाच मिनिटांची फित, हे सगळं नकलेवर. आणि नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबून बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर २ जीबीपर्यंत आहे तसा जातो. कित्येक घरांत मूळ फित केव्हाच गेलेली असते आणि ही दाबलेली, धुरकट नक्कलच उरलेली असते.

नकला तीन. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, आणि एक घराबाहेर. हा नियम सगळीकडं सांगतात, पण त्यातला "घराबाहेर" हा शब्द कोल्हापुरात वेगळाच ऐकू येतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना आलं की पुराचा इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, आणि पलीकडं चिखली, आंबेवाडी. माणसं दावणीची जनावरं सोडून, पोरं खांद्यावर घेऊन नावेत बसली. त्या वेळी कपाटाच्या खालच्या खणातली हार्ड डिस्क कुणाला आठवणार? आठवावी अशी अपेक्षाही करू नये. पूर ओसरल्यावर उन्हात वाळत घातलेले अल्बम दिसत होते, एकमेकांना चिकटलेले, चेहरे विरघळून रंगाचे ओघळ झालेले. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटींमध्ये गाळ. ओला फोटो निदान सोडवून वाळवता तरी येतो. म्हणून एक डिस्क वरच्या मजल्यावर, आणि दुसरी गावातच कुठं उंचावर नको, दुसऱ्या गावाला हवी. पुण्याच्या लेकीकडं, मुंबईच्या भावाकडं. तिसरी इंटरनेटवरच्या साठवणीत, आणि तिचा पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत असलेला. पेन ड्राइव्हवर भरवसा ठेवू नये, तो न्यायला-आणायला बरा. डिस्क पाच वर्षांनी बदलावी, आणि वर्षातून एकदा, दिवाळीत सगळे जमतात तेव्हा, लावून बघावी. नुसती फाइल दिसते म्हणजे ती चालते असं नाही. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या जुन्या कॅसेटींना बुरशी धरते, त्यांच्याजवळ सिलिकाच्या पुड्या ठेवाव्यात आणि ज्या आहेत त्या लवकर संगणकावर उतरवून घ्याव्यात. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी २०१६ सालीच थांबली. आता चालू मशिन सापडणं आणि त्याचं हेड साफ करणारा हात सापडणं, दोन्ही दुर्मिळ होत चाललंय.

सगळ्यात कंटाळवाणं काम शेवटी येतं आणि सगळं त्याच्यावरच उभं असतं. वही. डावीकडं वेळ, उजवीकडं एक ओळ. दोन-तीन मिनिटांनी, किंवा विषय बदलला की, नोंद. ००:०२:४० विहीर, कुणी खणली, पाथरवट कुठून आले. ००:०५:१५ मोट, बैलांची नावं. ००:०७:५० धाकटा भाऊ, गोवराची साथ. माणसांची नावं, गावांची नावं, नात्यासकट लिहायची. "आक्का" म्हणजे थोरली बहीण, का सासू, का शेजारीण, हे आज विचारायला माणूस आहे तोवर विचारून घ्यायचं. एका तासाच्या फितीला अशी नोंद करायला अडीच-तीन तास जातात. कंटाळा येतो. पण नोंद नसलेली तासाची फित म्हणजे कुलूप लावलेली खोली, तिच्यात शिरायला दुसऱ्यालाही पुरा तास द्यावा लागतो, आणि कुणी देत नाही. नोंद असली की नात सरळ सातव्या मिनिटावर जाते. आणि नोंद करतानाच बहुतेक वेळा पहिल्यांदा खरं ऐकलं जातं. समोर बसलेलो असताना बॅटरी, माइक, पुढचा प्रश्न यांत अर्धं मन गेलेलं असतं. वहीसमोर बसलं की कळतं, इथं त्या थांबल्या होत्या. इथं आवाज बदलला होता. इथं आपण बोलायला नको होतं. म्हणून नोंद दुसऱ्या दिवशीच करावी आणि आठवड्याच्या आत पुन्हा जावं. "त्या दिवशी तुम्ही म्हणाला होता, आणि एक आहे. ते काय होतं?" असं विचारलं की बऱ्याचदा सांगतात. दुसऱ्या बैठकीला माणूस कॅमेऱ्याला सरावलेलं असतं, आणि आपलं बोलणं कुणीतरी इतकं नीट ऐकलं, हे त्याला कळलेलं असतं.

त्या चौदा मिनिटांची नोंद सहा वर्षांनी झाली. पंखा थोडा कमी करता आला, त्याच्या घरघरीचा एक नमुना फितीच्या सुरुवातीला, आजी बोलायच्या आधी, तीन सेकंद मोकळा सापडला म्हणून. चेहरा थोडा उजळला. तीन नकला झाल्या, एक हुपरीला, एक पुण्याला. आजींच्या माहेरची एक चुलतबहीण अजून आहे, कागलकडं, नव्वदीच्या पुढं. तिला कानानं कमी येतं, उजव्या कानानं बरं येतं. दिवाळीनंतर तिच्याकडं जायचं ठरलंय, सकाळी दहाला, आणि कागद न्यायचा नाही असं नातवानंच सांगितलं.

वहीत तेवढी एक ओळ आहे. ००:०९:१२ "आनि येक हाय..." त्याच्यापुढं त्यानं काही लिहिलेलं नाही. खाली चार ओळी रिकाम्या सोडल्यात, आणि मग ००:०९:१९ लग्न, बैलगाडी, ओढा.